फुटाला पाव इंच

पिठाच्या गिरणीमागच्या गटाराच्या झाकणापाशी भावोजी खाली बसले, तेव्हा मला वाटलं, आता पुरे, इथून मागे फिरतील. ऊन चढलं होतं आणि माझी चप्पल चावत होती. पण त्यांनी पिशवीतून लोखंडी आकडा काढला, झाकणाच्या भोकात अडकवला आणि एक गुडघा टेकवून डाव्या हाताने ओढायला लागले. उजवा हात खांद्यातून गेला होता. तो नुसता लोंबत असायचा, कुणीतरी सांभाळायला दिल्यासारखा.

"धाकटे, आरसा."

मी आरसा धरला. ऊन आरशात घ्यायचं आणि खाली सोडायचं, हे एव्हाना मला जमायला लागलं होतं. उन्हाचा तुकडा चेंबरच्या भिंतीवरून थरथरत खाली उतरला आणि तळाशी जाऊन थांबला. तिथून निळं पाणी चाललं होतं. चाललं कसलं, पळत होतं.

"आलं हो," मी म्हटलं. "इथेही आलं."

"आलं," ते म्हणाले.

आवाजात आनंद नव्हता. मला त्यांच्या कामातलं ओ की ठो कळत नव्हतं, म्हणून विचारलं, "पाणी पुढे गेलं म्हणजे चांगलंच ना?"

"लाइनीसाठी चांगलं." त्यांनी झाकण पायाने सरकवून जागेवर बसवलं आणि कपाळ पुसलं. "चल. अजून पुढचं बघू."

भावोजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. लोकांच्या घरांतून रस्त्यापर्यंत संडासाचे, सांडपाण्याचे पाइप टाकायचे, हे त्यांनी जन्मभर केलं. पाइपाला उतार किती द्यायचा, तर फुटाला पाव इंच. हे ते इतक्या वेळा आणि इतक्या लोकांना सांगायचे की त्यांचं नावच 'पाव इंच' पडलं. 'पाव इंच आले, सरळ उभे राहा,' असं गवंडी एकमेकांना म्हणायचे, आणि तेही हसायचे. आता ते नाहीत आणि ताईही नाही, म्हणून हे लिहायला बसले. नाहीतर त्यांचं कोण लिहिणार? पाइप जमिनीखाली जातो. चांगला टाकलेला असला तर त्याची कुणाला आठवणसुद्धा होत नाही. वाईट टाकलेला असला तरच टाकणाऱ्याचं नाव निघतं.

आम्ही त्या दिवशी का चाललो होतो ते सांगते. ताई मोरीत घसरून पडली होती आणि तिचं खुब्याचं हाड मोडलं होतं. ते नीट जुळलंच नाही. तेव्हापासून तिचा पलंग पुढच्या खोलीत, दाराकडे तोंड करून. संडास मागच्या बाजूला होता, घरातच. खुर्चीवर बसवून भावोजी आणि शेजारीण तिला तिथवर सरकवत न्यायचे. तेवढं जमत होतं. पण मग संडास तुंबायला लागला. वरून तांब्याभर पाणी ओतलं की ते खाली जायच्या ऐवजी वर यायचं. ताईसारखी टापटिपीची बाई, तिला ते बघावं लागायचं, ती मान भिंतीकडे वळवायची.

ताईचा मुलगा दुसऱ्या गावी नोकरीला. स्वभावाने गरीब, आईवर जीव. तो येऊन सगळं बघून गेला आणि जाताना म्हणाला, "आई, रविवारी मी गाडी घेऊन येतो. तोवर हे दुरुस्त झालं तर राहा तुम्ही. नाही झालं तर दोघं माझ्याकडे चला. तुझे असे हाल मला बघवत नाहीत." त्याचं घर वरच्या मजल्यावर. एकदा वर चढवली की ताई पुन्हा खाली उतरणार नाही, हे त्यालाही कळत होतं.

तो गेल्यावर ताई मला म्हणाली, "या घरातून मी निघेन ती आडवीच. बसून नाही निघायची."

भावोजींनी तिला धीर दिला. म्हणाले, बाहेरच्या लाइनीत कुठेतरी तुंबलं असेल, त्याचा दाब मागे येत असेल. तसं असलं तर नगरपालिकेच्या ऑफिसातली माणसं येऊन काढतील, दोन दिवसांचं काम. मी बघून येतो. ताई माझ्याकडे वळली.

"तू जा ह्यांच्याबरोबर."

"मी? मी काय गटारं बघू?"

"बघ. देवळात बघतेस तशी बघ, डोळे उघडे ठेवून. हे मला गोड गोड सांगतील. तू मला जे असेल ते सांगशील."

"माझ्यावर भरवसा नाही तिचा," भावोजी चपला शोधत म्हणाले.

"आहे. म्हणून तर पाळत लावते."

आरसा त्यांनी भिंतीवरून काढला, ताईचाच, केस विंचरायचा. ताई म्हणाली, "न्या. मी काय बघणार आहे आता त्यात."

निघायच्या आधी त्यांनी एका बादलीत नीळ कालवली. अर्धी बादली संडासात ओतली आणि आम्ही दोघं दारापुढच्या चेंबरचं झाकण उघडून उभे राहिलो. बराच वेळ काही आलं नाही. मग घराकडून येणाऱ्या पाइपाच्या तोंडाशी निळसर ओघळ दिसला, पेनातून शाई गळावी एवढा. भावोजी त्याच्याकडे बघत राहिले. मी विचारलं, "झालं का?" तर म्हणाले, "पुढे अडलं असणार." आणि उरलेली नीळ त्यांनी त्या चेंबरमध्येच ओतली. ती सर्रकन पुढे निघून गेली. आम्ही तिच्यामागे निघालो.

भावोजी लहानपणी खड्डे खणायला लागले. वडील नव्हते, आई लोकांकडे भांडी घासायची. गावात गटाराची लाइन टाकायचं काम निघालं तेव्हा एका मिस्त्रीने त्यांना कुदळ दिली. तो मिस्त्री एका डोळ्याने अधू होता. म्हणायचा, देवाने माझा एक डोळा मिटायचा त्रास वाचवला, लाइन बघायला एकच पुरतो. त्याने भावोजींना पहिली गोष्ट शिकवली ती ही, की खणायला सुरुवात खालून करायची. पाणी जिथे जायचं तिथून निघायचं आणि घराकडे तोंड करून वर वर यायचं. आणि दुसरी गोष्ट, उताराची. उतार कमी पडला तर सगळं जागच्या जागी बसून राहतं, हे कुणालाही कळतं. पण उतार जास्त झाला तरी बिघडतं, हे पुष्कळांना माहीत नसतं. पाणी एकटंच पुढे पळून जातं आणि घाण मागे राहते. म्हातारीला हाताला धरून न्यावं, तसं पाण्याने तिला न्यायला हवं. म्हणून फुटाला पाव इंच.

काम संपलं की भावोजी वर्तमानपत्राचा एक बोळा भिजवून संडासात टाकायचे, वरून बादली ओतायला सांगायचे आणि स्वतः बाहेरच्या चेंबरपाशी जाऊन उभे राहायचे. बोळा आणि पाणी बरोबर आले की काम पास. एकदा एका दुकानदाराकडे सगळं झालं, माती लोटून झाली, फरशी बसली, आणि बोळा पाण्याच्या मागून रेंगाळत आला. दुकानदार म्हणाला, "अहो, आला ना? राहू द्या." भावोजींनी दुसऱ्या दिवशी सगळं उकरलं. दुकानदार डोक्याला हात लावून बसला. "तुम्हाला झोप लागेल," त्याला म्हणाले, "मला नाही लागायची."

आमच्या वडिलांनी त्यांना पहिल्यांदा विचारलं होतं, "काम काय करता?" तर म्हणाले, "लोकांच्या घरातलं कुणालाच नको असतं ते बाहेर पोचवतो." आमच्या एका आत्याने नाक मुरडलं. पण आई म्हणाली, हात धुतले की हातच असतात. आणि ताईला ते आवडले होते, त्यामुळे विषय संपला.

लग्नानंतर ताई त्यांच्याबरोबर कामाला जायला लागली. पाणसळ लावायला दोन माणसं लागतात. एक लांब पारदर्शक नळी असते, पाण्याने भरलेली. एक टोक इकडे धरायचं, एक तिकडे. दोन्हीकडचं पाणी आपोआप एका पातळीला येतं. ते हलायचं थांबलं की दोघांनी खुणा करायच्या. मग त्या खुणांवरून मापं घ्यायची. ताई दुसरं टोक धरायची. नळीत बुडबुडा राहिला तर पातळी चुकते, म्हणून ती नळी उन्हात धरून एकेक बुडबुडा बोटांनी ढकलत बाहेर काढायची, पोरीच्या केसांतल्या उवा काढाव्यात तशी. आणि मग त्यांचं सुरू व्हायचं.

"थांबलं का पाणी?"

"तुमचं तोंड थांबू द्या, मग थांबेल."

"तू हलतेस म्हणून ते हलतंय."

"मी देवळातल्या खांबासारखी उभी आहे. तुम्हीच नाचताय."

लोकांना वाटायचं नवराबायको भांडतात. मग ताई म्हणायची, "थांबलं," आणि भावोजी खूण करायचे. तिचा शब्द त्यांनी कधी पुन्हा तपासला नाही. तपासायची गरजच नव्हती, असं ते म्हणायचे. तिचं थांबलं म्हणजे थांबलंच.

गिरणीच्या पुढे रस्ता शाळेच्या कुंपणाला लागून जातो. तिथल्या झाकणावर कुणीतरी वाळूचा ढीग टाकला होता. भावोजींनी डाव्या हाताने तो बाजूला केला. एक गृहस्थ सायकल धरून उभे राहिले.

"काय पडलं का आत?"

"अक्कल," भावोजी म्हणाले. "तरुणपणी पडली होती. सापडते का बघतो."

ते गृहस्थ हसले. मीही हसले. झाकण उघडलं तर आत निळं पाणी. ते आमच्या आधीच पोचलेलं असायचं. मला खरं तर बरं वाटायला लागलं होतं. मला वाटत होतं, कुठेतरी एका झाकणाखाली ते अडलेलं दिसेल, साचलेलं, आणि मग आम्ही म्हणू, हे बघा, इथे आहे. मी मनातल्या मनात देवाचं नाव घेत चालले होते. दर झाकणापाशी म्हणत होते, इथे असू दे. घाण असू दे, वास येऊ दे, पण इथे असू दे.

मध्येच मी भावोजींना म्हटलं, "देव काहीतरी मार्ग काढेल."

त्यांनी हाताला लागलेली वाळू झटकली. मग म्हणाले, "देवाने पाण्याला एकच गोष्ट शिकवली, धाकटे. खाली जायचं. ती माझ्यासाठी तो कशाला बदलेल?"

घरं संपली. पुढे पडीक जागा, सिमेंटच्या मोठ्या पाइपांचे ढीग, आणि त्यापलीकडे मोठा नाला. आमच्या गल्लीची लाइन तिथे नाल्याला मिळते. शेवटचं झाकण नव्हतंच, चोरीला गेलं होतं, उघडं भोक होतं. आरशाची गरज पडली नाही. पाणी आता निळं राहिलं नव्हतं, पण काठाला निळा पट्टा दिसत होता. ते स्वच्छ आवाज करत नाल्यात पडत होतं.

भावोजी एका पाइपावर बसले. मी त्यांच्या शेजारी बसले आणि चप्पल काढली. टाच सोलली होती.

"म्हणजे बाहेर कुठेच अडलेलं नाही," मी म्हटलं.

"नाही."

"मग घरातच?"

"घरातच." मग म्हणाले, "पहिल्याच झाकणाला कळलं होतं मला. दारापुढच्या."

"मग एवढं चाललो कशाला आपण?"

"घरी जाऊन तिला सांगावं लागलं असतं."

नाल्याच्या पलीकडे एक कुत्रं पाणी पीत होतं, त्याच्याकडे बघत बसले. मग ते आपणहून सांगायला लागले. माझ्याकडे बघत नव्हते.

त्यांना पहिली मुलगी झाली होती, हे मला अर्थात माहीत होतं. चालायला लागली आणि तापाने गेली. ताई त्यानंतर बोलायची बंद झाली होती. खायला दिलं तर खायची, उठ म्हटलं तर उठायची. घरासाठी जागा आधीच घेऊन ठेवली होती. भावोजींनी ठरवलं, घर बांधायला काढू, भाड्याच्या त्या खोलीतून हिला बाहेर काढू. चेंबरपासून मागच्या टोकापर्यंत पातळी न्यायची होती, कारण तिच्यावरून संडास किती उंचीवर बसणार आणि जोतं किती वर येणार हे ठरायचं. ते रस्त्याच्या बाजूला, ताई मागच्या बाजूला खुंटीपाशी नळी धरून.

"शेजारच्या बाईची मुलगी होती," ते म्हणाले. "भिंतीला धरून धरून चालत होती. पडायची, उठायची. तुझी ताई तिच्याकडे बघत होती. मी विचारलं, थांबलं का पाणी? म्हणाली, थांबलं. ती नळीकडे बघतच नव्हती गं."

"मग?"

"तिने खूण केली. मीही केली."

"पुन्हा बघायचं होतं ना."

"संध्याकाळी बघू म्हटलं, तिला कळू न देता. जेवायला घरी गेलो, परत आलो, तर तिने त्या खुणेवरून विटा मांडायला घेतल्या होत्या. स्वतः. हात मातीने भरलेले. मला म्हणाली, इथे आपला संडास, म्हणजे पोराबाळांना अंधारात बाहेर जायला नको. पोराबाळांना, म्हणाली. कितीतरी दिवसांनी पहिलं वाक्य ते." भावोजींनी डाव्या हाताने उजवा हात उचलून मांडीवर नीट ठेवला. "त्या विटा मी कशा काढणार होतो? दुसऱ्याच्या घरी बोटभर चुकलं तरी मी उकरलं. इथे चार बोटं चुकलं होतं. मापलं मी नंतर. संडास चार बोटं खाली बसला. जेवढा उतार मिळायचा होता त्यातला निम्म्याहून जास्त तिथेच गेला."

मी हळूच विचारलं, "पण इतकी वर्षं तर चाललं ना?"

"चाललं नाही. चालवलं."

बांबूच्या कामट्या एकमेकींना बांधून केलेली एक लांब काठी त्यांच्या घराच्या माळ्यावर असायची. मी ती पाहिली होती, कामाची म्हणून. दर आठवड्याला ताई देवळात गेली की ते दारापुढचं झाकण उघडायचे, ती काठी घराच्या बाजूने पाइपात घालायचे आणि आत बसलेलं सगळं पुढे ओढून काढायचे. ताई येईपर्यंत झाकण जागेवर, अंगण धुतलेलं, हातपाय धुतलेले. ताई म्हणायची, माणसाला किती ती स्वच्छतेची हौस, मी देवळात गेले की अंगण धुतात. मलाही तिने हे कौतुकाने सांगितलं होतं.

आता खांदा गेला. एका हाताने ती काठी आत जात नाही, जोर लागतो. आणि ताई देवळात जात नाही. दाराकडे तोंड करून पडलेली असते, बाहेर कुणी काय केलं ते सगळं तिला दिसतं.

"दुसरा कुणीतरी मिस्त्री बोलवू," मी म्हटलं. "पाइप नवा टाकून घेऊ. मुलगा काही नाही म्हणायचा नाही."

"पाइप दोन्ही खोल्यांच्या खालून जातो. मधली भिंत त्याच्यावर उभी आहे, तिच्यावर स्लॅब. बाजूने फिरवून न्यावा तर दोन्हीकडे शेजाऱ्यांच्या भिंती. फरशी फोडायची म्हणजे तुझ्या ताईला आधी घराबाहेर काढायला हवं, आणि डॉक्टर म्हणतात तिला एकदाच हलवा, पुन्हा पुन्हा नको. आणि समजा केलंच." त्यांनी नाल्याकडे बघितलं. "जो कुणी येईल तो आधी पाणसळ लावणार. मीही तेच करतो ना दुसऱ्याच्या घरी. लावणार आणि मोठ्याने विचारणार, हे जोतं कुणी धरलं? आमच्या धंद्यात असंच विचारतात. ती तिथेच पडलेली असणार. तिला सगळं कळतं या कामातलं. ती मनात मागे मागे जाईल आणि बरोबर त्या दिवसापाशी पोचेल."

"मी रोज येऊन काठी मारीन. मला दाखवा कशी मारायची."

ते हसले. खरंच हसले. "तुला उकिडवं बसता येतं का?"

नाही येत. गुडघे माझेही गेलेलेच.

"शिवाय तुला बघून विचारणार नाही का ती, काय करतेस म्हणून?"

आम्ही परत फिरलो.

येताना झाकणं उघडायची नव्हती, त्यामुळे वाट लवकर सरायला हवी होती, पण सरली नाही. मी चप्पल हातात घेतली होती. भावोजी पुढे, मी मागे. शाळा सुटली होती, पोरं दप्तरं आपटत आमच्या दोन्ही बाजूंनी धावत गेली. गिरणी बंद झाली होती, दारात पिठाची पांढरी पावलं उमटलेली होती. एका नव्या घराचं बांधकाम चाललं होतं. तिथे चर खणलेला, पाइप मांडून ठेवलेले, अजून माती लोटलेली नव्हती. सवयीने भावोजी थांबले. वाकून एक डोळा मिटला आणि पाइपाच्या रांगेवरून पाहिलं. आत काम करणाऱ्या गवंड्याने ओळखलं.

"काय पाव इंच, बरोबर आहे का?"

"बरोबर आहे," ते म्हणाले. "झाका."

गल्लीच्या तोंडाशी आलो. तिथून घराचं दार दिसतं. दार उघडं होतं, आणि आतल्या अंधारात पलंगाची कड दिसत होती. ताईला आम्ही अजून दिसत नव्हतो, वळणाच्या आड होतो. भावोजी थांबले. पिशवीतून आरसा काढला, त्याच्यावर चिखलाचे शिंतोडे उडाले होते, ते त्यांनी आपल्या सदऱ्याच्या टोकाने पुसले. एकदा पुसले, पुन्हा बघितलं, पुन्हा पुसले.

"रविवारी तो येईल गाडी घेऊन," ते म्हणाले. "जायला तर लागणारच आहे. तू एवढं ऐकशील का?"

"काय?"

"ती मला विचारणार नाही, तुला विचारेल. माझं तोंड तिला वाचता येतं. तू आजवर तिच्याशी खोटं बोललेली नाहीस, म्हणून तुझं ती खरं मानेल." आरसा त्यांनी माझ्या हातात दिला. "तिला सांग, बाहेरची लाइन खचली आहे. नाल्यापर्यंत अख्खा रस्ता उकरावा लागेल, ऑफिसवाले वर्षभर काही करायचे नाहीत. आणि सांग की आपल्या घराचं काही चुकलेलं नाही, भावोजींनी दारापुढच्या चेंबरमध्ये बघितलं, घराकडून पाणी नीट येतं, तिने धरलेली पातळी बरोबर होती. एवढं सांग."